कोटातली शिकाऊ उमेदवारी

तीस वर्षांहून अधिक काळ मी रोज सकाळी चर्चगेटला उतरत होतो आणि संध्याकाळी तिथूनच गाडी पकडत होतो. एवढ्या अवधीत यातले चर्च कोणते आणि गेट कुठे, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. तो पडला माझ्या बहिणीच्या नातवाला. वय वर्षे नऊ, मुक्काम नागपूर, मुंबईत पहिल्यांदाच आलेला. स्टेशनाबाहेर येताच त्याने चौफेर पाहिले आणि विचारले, ‘आजोबा, गेट कुठे आहे?’ मी त्याला आइस्क्रीम घेऊन दिले.

ते आइस्क्रीम मला बरेच दिवस टोचत राहिले. फोर्टमधल्या बँकेत उमेदीची सारी वर्षे गेली, दोन कादंबऱ्यांत याच भागाची पार्श्वभूमी वापरली आणि नऊ वर्षांच्या पोराला सांगायला एक वाक्य जवळ नाही! त्यातच शहराच्या पदभ्रमंतीसाठी वाटाडे तयार करणाऱ्या एका वर्गाची माहिती कळली. बायकोला म्हटले, ‘जाऊ का?’ ती म्हणाली, ‘जा. नाहीतरी घरात बोलतच असता. बाहेर निदान चालणं तरी होईल.’

वर्गात आम्ही चौदाजण. कॉलेजातल्या सहा-सात मुली, नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, प्रवासी कंपनीत काम करणारा एक तरुण, दोन शिक्षिका, आणि वयाने सर्वांत ज्येष्ठ मी. शिकवणाऱ्या बाई वास्तुरचनाकार, माझ्या धाकट्या मुलीएवढ्या. पहिल्या दिवशी त्या मला ‘सर’ म्हणाल्या, दुसऱ्या दिवसापासून ‘काका’. त्यात माझी बढती झाली की पदावनती, ते अजून ठरायचे आहे.

मला वाटले होते, पहिल्याच तासाला सन-सनावळ्या सुरू होतील. प्रत्यक्षात पहिले दोन रविवार इतिहासाचे नावही निघाले नाही. सगळा भर उभे कसे राहायचे यावर. मंडळींच्या डोळ्यांवर ऊन येता कामा नये. ऊन वाटाड्याने स्वतःच्या तोंडावर घ्यायचे. मागून येणारा शेवटचा माणूस पोचल्याशिवाय तोंड उघडायचे नाही. बस जात असेल तर आवाज चढवायचा नाही, गप्प राहायचे. बस जाते, ओरडलेले वाक्य मात्र फुकट जाते. रस्ता ओलांडण्याआधी आणि ओलांडल्यावर डोकी मोजायची. स्वच्छतागृह कुठे आहे आणि ते रविवारी उघडे असते का, हे आदल्या दिवशी स्वतः जाऊन पाहायचे. शेवटची ही बाब मला तर सगळ्या इतिहासापेक्षा मोलाची वाटली, पण ते वयामुळे असेल.

आणि एका जागी बोलायचे किती? बाईंचे उत्तर होते, दीड मिनिट. फार तर दोन. आधी समोर दिसते ते सांगायचे, मग न दिसणारे. मी पहिल्या प्रयत्नात सेंट थॉमस कॅथीड्रलच्या दारात अकरा मिनिटे बोललो. सहा मिनिटांनंतर मुली मोबाइलमध्ये बघू लागल्या होत्या. पुस्तक कंटाळवाणे झाले तर वाचक ते घरी मिटतो, लेखकाला दिसत नाही. इथे तो तुमच्यासमोर मिटतो.

पण त्या अकरा मिनिटांच्या तयारीत माझ्या नागपूरकर नातवाचे उत्तर सापडले. चर्च ते हेच. पायाभरणी सतराव्या शतकातली, पण काम रखडले ते रखडलेच. प्रार्थनेसाठी खुले व्हायला १७१८ चा नाताळ उजाडला. इंग्रजांच्या तटबंदीला अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट असे तीन दरवाजे होते. या चर्चकडे येणारे ते चर्च गेट, आणि ते उभे होते साधारण आजच्या फ्लोरा फाउंटनपाशी. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत तट पाडला, दरवाजे गेले. स्टेशन आले त्यानंतर, १८७० मध्ये, आणि नसलेल्या दरवाजाचे नाव घेऊन आले. माझी आजी फोर्टला ‘कोट’च म्हणायची. ‘हे कोटात गेलेत,’ असे ती सांगे तेव्हा मला लहानपणी वाटायचे, आजोबा अंगात कोट घालून गेलेत.

तट पाडला जात होता त्याच सुमारास, १८६३ मध्ये, गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. या शहरावरचे मराठीतले ते पहिले पुस्तक. ते माझ्या घरी कपाटात होते, कुणीतरी निरोप समारंभात दिलेले. या निमित्ताने प्रथमच उघडले.

बाईंची एक पद्धत होती. प्रत्येक थांब्याचे एक कार्ड करायचे. पुढच्या बाजूला मजकूर, मागच्या बाजूला तो कुठून घेतला याची नोंद. नोंद नसेल तर कार्ड परत येई, लाल शाईत एकच शब्द लिहून: ‘स्रोत?’ बाकीचे उमेदवार या लाल शब्दाने कावत, मला मात्र माहेरी आल्यासारखे वाटले. व्हाउचर नसेल तर नोंद नाही, हे मी उभ्या हयातीत दुसऱ्यांना सांगत आलो होतो. एकदा बाईंना तसे म्हणालो, तर त्या हसून म्हणाल्या, ‘मग काका, तुमचीच कार्डं सगळ्यात जास्त का परत येतात?’

कारण उघड होते. बँकेतला अधिकारी निवृत्त झाला होता, कादंबरीकार अजून नोकरीत होता.

राजाबाई टॉवरचेच घ्या. इथे बँकवाला म्हणून मला फार सांगण्यासारखे होते. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आलेला पैसा शेअरांत ओतला गेला. बॅक बे भरणीच्या कंपनीचा शेअर दहापटीवर गेला. बँक ऑफ बॉम्बेने असल्या शेअरांच्या तारणावर सढळ हाताने कर्जे दिली. म्हणजे फुग्याच्या तारणावर आणखी हवा दिली. युद्ध संपले, १८६५ च्या जुलैत व्यवहार मिटवायची वेळ आली आणि शहर बुडाले. त्यामागोमाग बँकही गेली. या सगळ्याच्या मध्यभागी असलेल्या प्रेमचंद रायचंदांनी १८६४ मध्येच विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख देऊन ठेवले होते. माणूस कफल्लक झाला, पण दिलेले पैसे शाबूत राहिले. २८० फुटांचा मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला आणि त्याला त्यांच्या आईचे नाव मिळाले. आराखडा लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा. या गृहस्थाने मुंबई कधी पाहिलीच नाही.

एवढे सांगून थांबायला हवे होते. मी पुढे गेलो. आई अंध होती, जैन धर्माप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवायची, तिला वेळ कळावी म्हणून घड्याळाचे टोले, असे सगळे रंगवून सांगितले. मुलींचे डोळे पाणावले. बाईंनी कार्ड उलटे केले. मागे काही नव्हते.

‘हे सांगू नका असं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘पण ‘म्हणतात’ हा शब्द लावा.’ एक ‘म्हणतात’ लावला की गोष्टीतली निम्मी हवा जाते, ही माझी तक्रार. त्यांचे म्हणणे, निम्मी उरते ती तरी खरी असते.

खरी फजिती ताजपाशी झाली. तुम्ही-आम्ही सर्वांनी ऐकलेली गोष्ट मी ठोकून दिली: इंग्रज वास्तुरचनाकाराने नकाशे पाठवले, इथल्या लोकांनी हॉटेल उलटे बांधले, तोंड समुद्राऐवजी गावाकडे झाले, ते पाहून त्याने आत्महत्या केली. बाईंनी ऐकून घेतले आणि विचारले, ‘काका, सीताराम खंडेराव वैद्य हे नाव ऐकलंय?’

नव्हते ऐकले. ताजचे मूळ रचनाकार रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि त्यांचे सहकारी डी. एन. मिर्झा. वैद्य १९०० मध्ये वारले, काम पुरे केले डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने, आणि १९०३ च्या डिसेंबरात हॉटेल उघडले. पुढचे दार गावाच्या बाजूला, आज पोहण्याचा तलाव आहे तिकडे होते. ते चुकून झालेले नव्हते. घोडागाड्या तिकडूनच येणार होत्या. आत्महत्या कुणी केलेली नाही.

त्या रात्री मला नीट झोप आली नाही. चुकीचा व्याज आकारल्याचे पाप मी नोकरीत क्वचित केले असेल, आणि ते खात्यात परत जमा करता येत होते. हे कसे जमा करणार? ती गोष्ट मी निदान पन्नास पाहुण्यांना सांगितली असेल. प्रत्येक वेळी एका मराठी माणसाचे काम पुसून त्या जागी एक मेलेला इंग्रज उभा केला, आणि वर ‘इथल्या लोकांना नकाशा वाचता आला नाही’ हेही सांगितले.

शेवटच्या परीक्षेत प्रत्येकाला चिठ्ठी टाकून एक थांबा मिळतो. मला आला हुतात्मा चौक.

माझे वडील बॅलार्ड पिअरला एका जहाज कंपनीत कारकून होते. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला तेव्हा आपण फ्लोरा फाउंटनला होतो, असे ते जन्मभर सांगत. शेजारचा एक पोरगा पायाला गोळी लागून कोसळला, त्याला त्यांनी रुमाल बांधला. लोकांनी पोराला उचलून नेले आणि त्याची एक चप्पल यांच्या हातात राहिली. ‘शनिवार होता, अर्धा दिवस, म्हणून तर जाता आलं,’ हे वाक्य ठरलेले. पोराचे नाव त्यांना शेवटपर्यंत कळले नाही.

मी ग्रंथालयात जाऊन बसलो. कौन्सिल हॉलकडे निघालेल्या मोर्चावर फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला तो २१ नोव्हेंबर १९५५ रोजी. (कित्येक ठिकाणी १९५६ छापलेले सापडते, ते चूक. त्या कौन्सिल हॉलच्या इमारतीत आता राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे, हेही मला पन्नाशी उलटल्यावर कळले.) आणि २१ नोव्हेंबर १९५५ ला वार होता सोमवार.

मग शनिवार कुठला? जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली, त्यानंतर शहरात कित्येक दिवस गोळीबार होत राहिला. त्या दिवसांत एक शनिवार येतो. वडील तेव्हा कुठे होते? गिरगावात, घराजवळ? की सोमवारीच फाउंटनला होते आणि कामावरून न सांगता निघाले म्हणून आमच्यासमोर शनिवार केला? की चप्पल दुसऱ्याच कुणाच्या हातात राहिली होती आणि त्यांनी ऐकली होती? ते १९९८ मध्ये गेले. विचारायचे कुणाला?

कादंबरीत मी हा प्रश्न एका ओळीत सोडवला असता. कार्डाची मागची बाजू मात्र तीन दिवस कोरी राहिली. शेवटी बाईंना फोन केला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘काका, मागे लिहा: ‘वडिलांकडून ऐकलेले.’ तोही स्रोतच आहे. आणि वाराचं जुळत नाही, तेही सांगा.’

परीक्षा रविवारी सकाळी साडेआठला. दुकाने बंद, रस्ते मोकळे, गल्लीत पोरांचे क्रिकेट. फ्लोरा या फुलांच्या रोमन देवतेचे १८६४ चे कारंजे आणि शेजारी मशाल धरलेले कामगार-शेतकरी, हे आधी दाखवले. आकडा कुणी १०५ सांगतो, कुणी १०६, कुणी १०७. यादीत नावे पुढे वाढत गेली म्हणून असे होते, हे सांगितले. मग वडिलांचा शनिवार आणि कॅलेंडरातला सोमवार, दोन्ही सांगितले. कडेला एक म्हातारे गृहस्थ हातात दुधाची पिशवी घेऊन ऐकत उभे होते. माझे संपल्यावर ते जवळ आले आणि म्हणाले, ‘साहेब, आमच्याकडेपण शनिवारच सांगायचे.’ मी त्यांना आणखी काही विचारणार तोवर सिग्नल पडला आणि ते पलीकडे गेले.

निकाल परवा लागला. पास झालो. एक मिनिट पन्नास सेकंद, आशयाला पुरे गुण. तीन गुण मात्र कापले आहेत, आणि त्याचे कारण बाईंनी लाल शाईत दिले आहे: ‘मंडळी उन्हात उभी होती.’