आपोआप बंद, आपोआप चालू

घरचा कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लावतो, किंवा चालता चालता स्वतःहून रीस्टार्ट होतो, ही तक्रार पंचवीस वर्षांत बदललेली नाही; बदलत गेली ती तिची कारणं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडसारख्या गावात मात्र एक कारण पहिल्यापासून ठाण मांडून आहे, ते म्हणजे लाईट.

कॅबिनेटमधला एसएमपीएस २३० व्होल्टची वीज घेऊन मदरबोर्डला १२, ५ आणि ३.३ व्होल्ट पुरवतो. लाईट गेली तर आतल्या साठ्यावर तो साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. आपल्याकडच्या विजेचं एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचं असतं. त्यामुळे ट्यूब नुसती लुकलुकली तरी कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. पंखा मात्र फिरतच राहतो, म्हणून लाईट गेली होती हे घरात कुणाच्या लक्षातही येत नाही आणि बोल मशीनला लागतो. लांबलचक लाईनच्या टोकाला, पावसाळ्यात तारांवर फांद्या टेकणाऱ्या भागात, हे रोजचंच. डहाणूच्या खाडीकाठी ५०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र १९९५-९६ पासून उभं आहे. त्याची वीज जाते मुंबईच्या उपनगरांना.

विंडोज ९८ च्या काळात अशा झटक्यानंतर निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क सुरू होई, आणि कॉम्प्युटर नीट बंद न केल्याबद्दल वापरणाऱ्यालाच चार शब्द सुनावले जात. पट्टी मुंगीच्या पावलांनी सरके. सुरू व्हायला लागणारा उशीर तो हाच. पुढे राज्यभर भारनियमनाची वर्षं आली आणि यूपीएस घराघरांत शिरला. पण त्यातली १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते. मग लाईट जाताच यूपीएस एकदा ओरडतो आणि कॉम्प्युटरसकट आडवा होतो. शंका येताच यूपीएस बाजूला काढून मशीन थेट बोर्डाला लावून बघणं, ही दुरुस्ती करणाऱ्यांची जुनी सवय त्यातूनच आली.

ऑगस्ट २००३ मध्ये पहिल्यांदा रीस्टार्टचं कारण टेलिफोनच्या तारेतून आलं. ब्लास्टर नावाचा वर्म विंडोज एक्सपीत शिरला, की पडद्यावर ६० सेकंदांची उलटी मोजणी सुरू होई. २००४ च्या मे महिन्यात सॅसरने तेच केलं. खूण सोपी होती : डायल-अप जोडलं की मोजणी, वायर काढली की मशीन दिवसभर शहाण्यासारखं चालणार. ‘रन’मध्ये ‘शटडाऊन -ए’ टाकलं की मोजणी थांबे, तेवढ्यात पॅच उतरवून घ्यायचा. ज्यांना हे ठाऊक नव्हतं, त्यांनी फॉरमॅट मारला. आणि इंटरनेट जोडताच पाहुणा पुन्हा हजर.

त्याच सुमाराचा दुसरा घोळ मदरबोर्डवरच्या कॅपॅसिटरांचा. १९९९ ते २००७ च्या दरम्यान जगभर सदोष रसायन भरलेले कॅपॅसिटर विकले गेले. त्यांची सपाट टोपी फुगते, कधी तपकिरी चिकटा बाहेर येतो. असं मशीन सकाळी दोन-तीनदा बटण दाबल्याशिवाय उठत नाही, आणि तापल्यावर बरं चालतं. उलट, सुरुवातीला ठीक आणि पंधरा-वीस मिनिटांनी बंद, असं असेल तर संशय उष्णतेवर : प्रोसेसरच्या हीटसिंकमध्ये धुळीची वाकळ जमलेली असते किंवा थर्मल पेस्ट सुकलेली असते. दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो, तो शाळेच्या खोडरबरने जातो. उबेला आलेली पाल एसएमपीएसमध्ये निघाली, तर मात्र खोडरबर कामाचा नाही.

सुरू होण्यातला उशीर मिटवला तो एसएसडीने. फिरत्या हार्डडिस्कवर मिनिटभर रखडणारं मशीन काही सेकंदांत उठू लागलं. विंडोज ८ ने २०१२ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ आणलं. त्यात ‘शटडाऊन’ अर्धवट असतो आणि खरी नवी सुरुवात ‘रीस्टार्ट’नेच होते, ही उलटी गोष्ट पचायला जड गेली. विंडोज १० मध्ये २०१५ पासून अपडेटसाठी स्वतःहून होणारे रीस्टार्ट टाळणं अवघड झालं. अपडेट चालू असताना लाईट गेली, तर केलेले बदल उलटवण्यात पुढचा तास जाई.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी माळ्यावरचे कॉम्प्युटर खाली आले. सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपलेली, त्यामुळे तारीख कित्येक वर्षं मागे, सुरू होताना ‘एफ१ दाबा’चा अडथळा, आणि तारीख चुकली म्हणून सुरक्षित साइटही उघडेनात. पुढच्या वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ पालघरच्या किनाऱ्याजवळून गेलं आणि जिल्ह्यात ठिकठिकाणी वीज गेली.

विंडोज ७ पासून इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अशा प्रत्येक अचानक बंद पडण्याची ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद होते. तिच्यातला बगचेक कोड शून्याखेरीज काही असेल, तर ड्रायव्हर नाहीतर रॅम तपासायची. शून्य असेल, तर विंडोजलाही काही लिहायला सवड मिळालेली नसते. तेव्हा प्लग, एक्स्टेन्शन बोर्ड, अर्थिंग, यूपीएस आणि एसएमपीएस याच क्रमाने हात फिरवावा लागतो.