दिल्ली पाहायला निघालात? आधी प्रकृती पाहा

डिसेंबर उजाडला की आमच्या दवाखान्यात एक ठराविक मागणी सुरू होते. "डॉक्टर, शनिवार-रविवार जोडून दिल्ली बघून येतोय. ताप, सर्दी, जुलाब, उलटी असं सगळं थोडं थोडं लिहून द्या." गोळ्यांची पुडी पिशवीत पडली की प्रकृतीची काळजी मिटली, असा आपल्याकडे समज आहे. खरे तर थंडीतल्या दिल्लीत माणूस आजारी पडतो तो पुडी विसरल्यामुळे नव्हे. कोणत्या वेळी कुठे जायचे, काय घालायचे आणि रात्री कुठल्या खोलीत झोपायचे, हे आधी न ठरवल्यामुळे पडतो. म्हणून आज पुडीपेक्षा आखणीविषयी थोडे.

आपली थंडी आणि तिथली थंडी

आपल्याकडे पहाटे गारठा असला तरी दहा वाजता ऊन चटकते आणि स्वेटर काखेत येतो. दिल्लीत जानेवारीत रात्रीचे तापमान सरासरी ७-८ अंशांवर असते, काही रात्री तर ते ४ अंशांच्याही खाली जाते. धुके दाट असले तर दुपारपर्यंत सूर्य दिसत नाही आणि दिवसाही अंगातली हुडहुडी जात नाही.

थंडीत शरीर उष्णता राखण्यासाठी कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते. वाहिन्या अरुंद झाल्या की रक्तदाब वाढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. तरुण माणसाला हे जाणवतही नाही. पण ज्यांना ब्लडप्रेशर आहे, चालताना छातीत भरून येते किंवा ज्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, त्यांच्यासाठी पहाटेची थंडी, भरलेले पोट आणि झपाझप चालणे हे त्रिकूट धोक्याचे आहे.

कपड्यांच्या बाबतीत एक जाड कोट घेण्यापेक्षा तीन पातळ थर घालावेत. आत बनियन किंवा थर्मल, त्यावर स्वेटर आणि वर वारा अडवणारे जाकीट. दोन थरांमध्ये अडकलेली हवाच आपल्याला ऊब देते. दुपारी ऊन पडले तर एक थर काढता येतो, त्यामुळे घाम येऊन अंग ओले राहत नाही. कानटोपी, मोजे आणि हातमोजे ज्येष्ठांनी अंगावर ठेवावेत, बॅगेत नव्हे. काही मंडळी ऊब यावी म्हणून ब्रँडीचा घोट घेतात. दारूने कातडीच्या वाहिन्या रुंदावतात, त्यामुळे गरम वाटते खरे, पण त्याच वाटेने शरीरातली उष्णता बाहेर निघून जाते. तेव्हा हे औषध बाद समजावे.

हवेचे काय?

दिल्लीच्या हिवाळ्यात थंडीपेक्षाही मोठा प्रश्न हवेचा आहे. थंड रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते आणि भांड्यावर झाकण ठेवावे तशी शहरावर बसून राहते. वारा नसतो. वाहनांचा, कारखान्यांचा, शेकोट्यांचा धूर आणि रस्त्यावरची धूळ या झाकणाखाली कोंडली जाते. यातले अतिसूक्ष्म कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, ते आपल्या केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही लहान असतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात आणि काही रक्तातही उतरतात. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे हे कण चोवीस तासांच्या सरासरीने दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ही मर्यादा १५ सांगितली. दिल्लीत नोव्हेंबर ते जानेवारीत कित्येक दिवस हा आकडा मानकाच्या तिप्पट-चौपट असतो.

हवेचा निर्देशांक आता रोज वर्तमानपत्रात आणि मोबाईलवर मिळतो. २०० पर्यंत असेल तर निरोगी माणसाने खुशाल हिंडावे, दमेकऱ्याने व हृदयरोग्याने बेताने. २०१ ते ३०० म्हणजे वाईट, ३०१ ते ४०० अतिशय वाईट आणि ४०० च्या पुढे गंभीर. आकडा ३०० च्या वर गेला तर दमेकरी, हृदयरोगी, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांनी उघड्यावरचा कार्यक्रम आटोपता घ्यावा आणि एखादे वस्तुसंग्रहालय पाहावे. ४०० च्या वर गेला तर सर्वांनीच. नाकाला रुमाल बांधून हे कण अडत नाहीत. लोकरी मफलर थंडी अडवतो, धूर नाही. नाकातोंडाला घट्ट बसणारा एन-९५ मास्कच उपयोगाचा.

माझ्या एका रुग्ण आजीबाईंचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. आयुष्य चुलीपुढे गेलेले, विडी-सिगारेट कधी ओढली नाही, तरी धुराने फुफ्फुसे अधू झालेली. मुलाने नाताळच्या सुटीत दिल्लीचा बेत ठरवला. आजी म्हणाल्या, "डॉक्टर, लाल किल्ला शाळेच्या पुस्तकात बघितलाय, एकदा डोळ्यांनी बघू द्या. नाही म्हणू नका." नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. मी एवढेच सांगितले की बेत फेब्रुवारीच्या अखेरीस ढकला. तेव्हा दिवसाचे तापमान २४-२५ अंशांपर्यंत येते, वारा सुटतो, धुके विरळ होते आणि हवाही डिसेंबरच्या मानाने बरी असते. मुलगा नातवाच्या शाळेचे कारण सांगत होता. मी विचारले, शाळा दोन दिवस बुडाली तर भरून निघेल, आजीचा श्वास अडला तर? बेत पुढे गेला. आजींनी पंप बरोबर नेला, किल्ला पाहिला आणि येताना माझ्यासाठी गजरेलाही, म्हणजे गाजराचा हलवाही आणला. दुखणे असलेल्या माणसाला "जाऊ नका" म्हणणे सोपे असते. "कधी जा आणि कसे जा" हे सांगणे जास्त उपयोगी.

दोन दिवसांची आखणी

आपली माणसे सहलीला गेली की पहाटे पाचला सगळ्यांना उठवतात आणि एका दिवसात दहा ठिकाणे उरकतात. हिवाळ्यातल्या दिल्लीत हे करू नये. सकाळी हवा सर्वांत घाण, थंडी सर्वांत जास्त आणि धुक्यात दिसतही काही नाही. गरम नाश्ता करून दहाच्या सुमारास बाहेर पडावे आणि उघड्यावरची ठिकाणे अकरा ते चार या वेळात पाहावीत. दिवसाला दोन मोठी ठिकाणे पुरेत.

शनिवारी लाल किल्ला आणि चांदणी चौक ठेवावा. शाहजहानने बांधलेला हा किल्ला १६४८ साली पूर्ण झाला. आवार मोठे आहे, दीड-दोन तास चालणे होते. चांदणी चौकातली बरीच दुकाने रविवारी बंद असतात, म्हणूनही शनिवार बरा. रविवारी कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर पाहावी. कुतुबमिनार सुमारे ७२ मीटर उंच आहे, पण गुडघेदुखीवाल्यांनी घाबरू नये. १९८१ साली आतल्या जिन्यात चेंगराचेंगरी होऊन चाळीसहून अधिक जण दगावले, तेव्हापासून वर चढणे बंद आहे. हुमायूनच्या कबरीच्या चौथऱ्याच्या पायऱ्या मात्र उंच आहेत. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी खालच्या बागेत उन्हात बसावे, इमारत तिथूनही सुंदर दिसते. संध्याकाळी इंडिया गेट आणि त्याच्या शेजारचे २०१९ साली झालेले राष्ट्रीय युद्धस्मारक पाहून वेळेत खोलीवर परतावे.

सुटी लांबवून सोमवारी थांबणार असाल तर लक्षात ठेवा, सोमवारी लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, लोटस टेंपल आणि अक्षरधाम बंद असतात. आग्र्याला जाणार असाल तर ताजमहाल शुक्रवारी बंद असतो.

फिरण्यासाठी २००२ साली सुरू झालेली मेट्रो उत्तम. धूर नाही, गारठा नाही आणि म्हाताऱ्या माणसांसाठी लिफ्ट आहे. मात्र कुतुबमिनार नावाचे स्टेशन प्रत्यक्ष मिनारापासून बरेच लांब आहे. तिथे उतरून रिक्षा करावी, चालत निघू नये.

पाणी आणि पोट

थंडीत तहान लागत नाही आणि लघवी मात्र जास्त होते. त्यात आपल्या आयाबहिणी प्रवासात स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून मुद्दाम पाणी पीत नाहीत. घरी आल्यावर लघवीची जळजळ घेऊन दवाखान्यात येतात. यावर उपाय म्हणजे ठिकाण सोडण्यापूर्वी तिथल्या स्वच्छतागृहाचा उपयोग करून घेणे. थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवावे आणि तासा-दोन तासांनी थोडे थोडे प्यावे. किडनीचा किंवा हृदयाचा आजार असून पाणी मोजून प्यायला सांगितले असेल तर तेच प्रमाण पाळावे.

चांदणी चौकात जाऊन पराठे खाऊ नका, असे मी सांगणार नाही आणि सांगितले तरी कोणी ऐकणार नाही. कढईतून समोर काढलेला गरम पदार्थ सहसा बाधत नाही. बाधतात त्या सोबतच्या कच्च्या चटण्या, चिरून ठेवलेला कांदा-मुळा आणि पाणीपुरीचे पाणी. मधुमेहींनी छोले-भटुरे आणि हलवा एकाच बैठकीत घेऊ नयेत. क्षारसंजीवनीच्या दोन पुड्या बरोबर असाव्यात.

रात्रीची खोली : सर्वांत महत्त्वाचे

हा परिच्छेद कृपया घरात सर्वांना वाचून दाखवा. उत्तरेत थंडीत खोलीत कोळशाची शेगडी ठेवतात, तिला अंगीठी म्हणतात. दारे-खिडक्या लावून शेगडी पेटती ठेवली की कोळसा अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने या वायूला धरून ठेवते. मग श्वास चालू असूनही मेंदूला प्राणवायू मिळत नाही. झोपेतला माणूस झोपेतच जातो. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात आणि पुष्कळदा त्यात एकाच खोलीतले अख्खे कुटुंब असते.

म्हणून पाहुणचार कितीही प्रेमाचा असो, झोपण्याच्या खोलीत शेगडी नको म्हणून सांगावे. हीच गोष्ट बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरची. तो खोलीबाहेर बसवलेला असावा, नाहीतर बादली आधी भरून घ्यावी, गिझर बंद करावा आणि मगच आंघोळ करावी. विजेच्या हीटरमधून हा वायू निघत नाही, पण पांघरूण त्यापासून दूर असावे आणि झोपताना तो बंद करावा. खोलीतल्या दोघा-तिघांचे एकदम डोके दुखू लागले, मळमळले, चक्कर आली, तर ते "बाधले" असे समजू नये. तत्काळ सर्वांना मोकळ्या हवेत आणावे, दारे उघडावीत आणि रुग्णालय गाठावे.

औषधांविषयी

धुक्यामुळे गाड्या आणि विमाने तासन्‌तास उशिरा सुटतात. म्हणून दोन दिवसांच्या सहलीला किमान पाच दिवसांच्या नेहमीच्या गोळ्या घ्याव्यात आणि त्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात, मोठ्या बॅगेत नव्हे. इन्सुलिनही जवळच असावे, ते हीटरजवळ ठेवू नये. चालणे वाढले की साखर उतरते, तेव्हा मधुमेहींनी जेवणाची वेळ चुकवू नये आणि खिशात थोडी साखर ठेवावी. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असावी. निघण्यापूर्वी आठवडाभर आधी रक्तदाब मोजून घ्यावा. साठीपुढच्यांनी आणि दमेकऱ्यांनी फ्लूची लस घ्यायची असेल तर ती निदान दोन आठवडे आधी घ्यावी.

सर्दी झाली म्हणून दुकानातून कोणतीही गोळी घेऊ नये. नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्यांनी रक्तदाब वाढतो आणि प्रोस्टेटच्या रुग्णांची लघवी अडते. वाफ, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि गरजेपुरती पॅरासिटामॉल पुरते. प्रतिजैविके "असू द्यावीत" म्हणून नेऊ नयेत.

छातीत दाबल्यासारखे वाटले, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे गेले, दरदरून घाम फुटला, एक बाजू लुळी पडली, बोलणे अडखळले किंवा पंप घेऊनही धाप कमी होईना, तर पुढचे ठिकाण पाहण्याचा विचार सोडून ११२ क्रमांक फिरवावा.

थोडक्यात सांगायचे तर ऊन पाहून बाहेर पडा, हवेचा आकडा पाहून ठिकाण ठरवा, पाणी प्या, गोळ्या जास्त न्या आणि शेगडीजवळ झोपू नका. किल्ला पावणेचारशे वर्षे उभा आहे. या डिसेंबरात जमले नाही, तर फेब्रुवारीतही तो तिथेच असेल. तुम्ही मात्र धडधाकट परत यायला हवे.