आजीचा गीझर आणि माझं ॲप

'स्मार्ट होम' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? जाहिरातीतला बंगला, टाळी वाजवली की सरकणारे पडदे... आमचं स्मार्ट होम म्हणजे मुलुंड पूर्वेला आजीचा वन बीएचके आणि त्यातला एक गीझर!

आजी एकटी राहते, आम्ही अंधेरीला. भाजी आणायला उतरली की जिन्यातच तिला शंका येते, गीझर बंद केला का? मग दुखऱ्या गुडघ्यांनी परत वर. म्हटलं, थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टला यापेक्षा चांगला विषय कुठला मिळणार!

हार्डवेअर सोपं होतं. ईएसपी८२६६ ही वायफायची स्वस्त चिप आणि एक रिले. गीझर २००० वॅटचा, म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ ८.७ अँपिअर. लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या छोट्या निळ्या रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असतं, पण इतक्या काठावर नको म्हणून ३० चा घेतला. जोडणी अर्थात वायरमनकडून. (२३० व्होल्टशी मस्ती नको, प्लीज.)

मग मोठ्या थाटात ॲप आजीच्या हातात दिलं. स्क्रीनवर एक बटण: 'उपकरण सक्रिय करा'. आजीने चष्मा लावला, काढला, परत लावला. "अगं, हे कुठलं मराठी?" कॉन्व्हेंटवाल्यांचं मराठी, आजी! डिक्शनरीतून उचललेलं. खोडून 'गीझर चालू' लिहिलं. पहिला धडा फुकटात मिळाला.

दुसरा महाग पडला. भिंतीवरचा स्विचही चालावा म्हणून जिन्याच्या दिव्यासारखी टू-वे वायरिंग केली होती, एका टोकाला स्विच, दुसऱ्या टोकाला रिले. अशा वायरिंगमध्ये नुसता रिले बघून गीझर चालू की बंद ते कळतच नाही, आणि माझं ॲप फक्त रिलेच बघत होतं. आजीने स्विच दाबला, गीझर चालू झाला, ॲप सांगतंय 'बंद'. ते बघून ती निश्चिंत मनाने देवळात गेली. दुपारभर गीझर चालू! ॲप नसतं तर निदान परत वर येऊन बघितलं तरी असतं.

जेकब नील्सनने १९९४ मध्ये इंटरफेससाठी जे दहा नियम मांडले, त्यातला पहिलाच हा: यंत्राची अवस्था माणसाला दिसली पाहिजे. परीक्षेत मी तो छान लिहिला होता. फक्त अवस्था म्हणजे मी दिलेला हुकूम नव्हे, प्रत्यक्षात काय झालंय ते, हे डोक्यात शिरलं नव्हतं.

मग करंट सेन्सर लावला. करंट वाहतोय म्हणजे चालू. बरोबर? चूक! पाणी तापलं की थर्मोस्टॅट सर्किट तोडतो, करंट शून्य होतो, ॲप म्हणतं 'बंद'. थोड्या वेळाने पाणी निवतं आणि गीझर आपोआप पुन्हा सुरू. शेवटी गीझरच्या तारेत व्होल्टेज आहे का, हेही ऑप्टोकपलर लावून तपासायला लागले. आता दोन माहित्या मिळाल्या. व्होल्टेज नाही, तर 'बंद'. दोन्ही आहेत, तर 'पाणी तापतंय'. व्होल्टेज आहे पण करंट नाही, तर 'पाणी तापलं, आंघोळीला जा'. आजीला सगळ्यात आवडलं ते हे तिसरं. (कॉइल जळालं तरी ॲप हेच दाखवेल. ते अजून सुटलेलं नाही.)

आणि वीज गेली तर? १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाण्याची वीज कशी गेली होती, आठवतंय ना? वीज गेली की रिले मूळ जागी जातो. टू-वेमध्ये याचा अर्थ, वीज परत आल्यावर बंद असलेला गीझर स्वतःहून चालू होऊ शकतो! म्हणून टू-वे काढूनच टाकलं. आता भिंतीवर बेलचं बटण आहे, ते फक्त चिपला निरोप देतं. वीज आली की गीझर बंदच राहतो. जुना मोठा स्विच मात्र मालिकेत ठेवला. चिप अडकलीच तर तो आहे.

निरोप नेण्यासाठी एमक्यूटीटी वापरलं. हा प्रोटोकॉल १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर लक्ष ठेवायला बनवला गेला. त्यात 'लास्ट विल', म्हणजे चक्क मृत्युपत्र असतं! चिपचा संपर्क तुटला की ब्रोकर तिच्या वतीने ती गेल्याचं सगळ्यांना कळवतो. मग ॲप शिळी माहिती न दाखवता बटण करडं करून 'संपर्क नाही' लिहितं.

आपल्या पवईच्या आयआयटीतल्या मनोज मीणा आणि सिबब्रत दास यांनी २०१२ मध्ये ॲटमबर्ग सुरू केली. साधा पंखा साधारण ७५ वॅट खातो, त्यांचा बीएलडीसी पंखा २८ च्या आसपास. आजीच्या हॉलमध्ये तोच आहे. त्याचा रिमोट ती अंधारातही चाचपून चालवते. फोन आधी शोधा, मग अनलॉक करा, मग ॲप उघडा... रिमोटपुढे माझं ॲप कसं टिकणार?

टिकलं नाहीच. आजी बेलचं बटण दाबते. ॲप उघडते ती आई, मेट्रोने घाटकोपरला उतरून मुलुंडची लोकल पकडताना. 'बंद' दिसलं की फोन पर्समध्ये.