चाई पडली? आधी निदान, मग सुई

डोक्यावरचे केस अचानक गळतात आणि रुपयाएवढी गोल जागा मोकळी होते. कातडी गुळगुळीत, खपली नाही. आपण याला चाई म्हणतो. कुणी म्हणतं किडा लागला, कुणी लसूण चोळायला सांगतं. मुलगी शाळेत जायला लाजते. दाढीत चाई पडलेला तरुण तोंडाला रुमाल बांधून फिरतो.

आम्ही आधीच स्पष्ट सांगतो, चाई संसर्गजन्य नाही. एकाचा कंगवा वापरल्याने ती दुसऱ्याला लागत नाही. रोगांपासून आपलं रक्षण करणाऱ्या पेशीच चुकून केसांच्या मुळांवर हल्ला करतात. मुळं मात्र नष्ट होत नाहीत. म्हणून चाई थोडी असेल, तर अनेकांचे केस वर्षभरात आपोआप परत येतात. लसूण चोळल्याने कातडी भाजू शकते.

पण प्रत्येक केसगळती चाई नसते. लहान मुलांच्या डोक्यात गजकर्ण झालं तर खपल्या दिसतात आणि ते पसरतं. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात अनेकांचे केस झपाट्याने गळले. तिथल्या रुग्णांच्या शरीरात सेलेनियम जास्त असल्याचं डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवलं. कारण वेगळं, तर उपचारही वेगळा.

आता 'पीआरपी'बद्दल. यात आपलंच थोडं रक्त काढून यंत्रात वेगाने फिरवतात. त्यातला प्लेटलेट जास्त असलेला पिवळसर भाग वेगळा करून बारीक सुईने चाईच्या जागी टोचतात. प्लेटलेटमधले घटक मुळांना वाढीची चालना देतात, असा विचार त्यामागे आहे. साधारण महिन्याच्या अंतराने तीन-चार वेळा हे करतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४५ रुग्णांच्या एका अभ्यासात त्याचा चांगला परिणाम दिसला. पण असे अभ्यास लहान आहेत. आजही चाईवर बहुधा आधी स्टेरॉइडचं मलम किंवा तिथेच दिलेलं इंजेक्शन वापरतात. सगळं डोकं मोकळं झालं असेल, तर पीआरपीवर भिस्त ठेवू नये.

म्हणून जाहिरात पाहून, उसने पैसे काढून कुठल्याही क्लिनिकमध्ये जाऊ नका. पुणे स्टेशनजवळच्या ससून रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. केसपेपर काढून आधी तिथे दाखवा. खासगी ठिकाणी गेलात तर चार गोष्टी विचारा: टोचणारे त्वचारोगतज्ज्ञ आहेत का? सुई आणि नळी नवी आहे का? एकूण किती वेळा यावं लागेल आणि सगळा खर्च किती? फरक पडला नाही तर पुढे काय? रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, प्लेटलेट कमी असतील किंवा कावीळ झाली असेल, तर तेही सांगा. 'शंभर टक्के केस येतील' असं कुणी म्हणालं, तर तिथून उठून या.

आणि शेजारच्या मुलीला चाई पडली असेल, तर आपल्या मुलांना तिच्याबरोबर खेळू द्या.