ग्रामसभेच्या सूचनेतील मराठी

दौंड–सोलापूर लोहमार्गावरील जेऊर हे करमाळा तालुक्यातील एक मोठे गाव होय. तालुक्याच्या ठिकाणी रेल्वे नसल्यामुळे करमाळ्यास जाणारा उतारू येथेच उतरतो. ह्या गावच्या रहिवाशाच्या कानांवर व डोळ्यांसमोर शासकीय मराठीचे निरनिराळे नमुने नित्य येत असतात: स्थानकावर रेल्वेची मराठी, उताऱ्यावर महसूल खात्याची, आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर पंचायतीची. गाडी त्याच्या लेखी ‘लेट’ असते, तर ध्वनिक्षेपकाच्या लेखी ती ‘विलंबाने धावत’ असते. हा भेद निरुपद्रवी आहे; शब्द कोणताही योजला तरी गाडी यावयाची तेव्हाच येते. ग्रामसभेच्या सूचनेची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती नीट उमगली नाही तर वाचणाऱ्याचा हक्क त्याच्या नकळत हातचा जातो. प्रस्तुत लेखात अशा सूचनेतील एकाच वाक्याचा विचार करावयाचा आहे.

पुढील वाक्य कोणा एका गावच्या फलकावरून घेतलेले नाही. जेऊरसारख्या कोणत्याही ग्रामपंचायतीत शोभेल अशा रूढ साच्यात ते बसविले आहे:

‘सर्व ग्रामस्थांस कळविण्यात येते की, गणपूर्तीअभावी तहकूब करण्यात आलेली ग्रामसभा पुढील दिनांकास घेण्यात येणार असून सदर सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.’

ह्या वाक्यामागील नियम आधी ध्यानात घेतला पाहिजे. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार हजर असल्यावाचून ग्रामसभेचे काम चालत नाही. मोठ्या गावी अर्थातच १०० हा आकडा लागू होतो. तितके लोक न जमल्यास सभा पुढे ढकलतात, आणि त्या पुढील सभेस मात्र संख्येची अट उरत नाही. दहा माणसे आली तरी तिचे ठराव ग्रामसभेचेच ठराव ठरतात. वैयक्तिक लाभाच्या योजनांचे लाभार्थी निवडण्याचे काम ग्रामसभेकडे असते, हे लक्षात घेतले म्हणजे वाक्याच्या शेवटच्या सहा शब्दांचे वजन कळून येईल. ‘तुम्ही आला नाहीत तरी निर्णय होणार आहे’, असा त्यांचा अर्थ आहे. परंतु तसा तो कानाला लागत नाही. उलट, ‘आवश्यकता राहणार नाही’ हे शब्द ऐकून येण्याचीच आवश्यकता नाही, असा समज एखाद्याने करून घेतला तर त्यास दोष देता येणार नाही.

आता शब्द पाहू. ‘तहकूब’ हा फारसी-अरबी मार्गाने आलेला शब्द गावात अपरिचित नाही. कोर्टकचेरीने तो रुजविला आहे. अडचण ‘गणपूर्ती’ची आहे. संस्कृत जाणणारास तो पारदर्शक वाटतो: गणाची पूर्ती. पण ग्रामीण महाराष्ट्रात ‘गण’ ह्या शब्दास दुसरा एक राजकीय अर्थ आधीच चिकटलेला आहे. जिल्हा परिषदेचा मतदारसंघ तो ‘गट’ आणि पंचायत समितीचा तो ‘गण’, हे प्रत्येक निवडणुकीत ऐकून लोकांस पाठ झाले आहे. (तमाशातील गण तर त्याहून जुना.) एकाच क्षेत्रात एका शब्दाने दोन कामे करावीत, हे परिभाषेच्या दृष्टीने गैरसोयीचे होय. गावात रूढ आहे तो ‘कोरम’. हे मुळात लॅटिन संबंधी सर्वनामाचे षष्ठी अनेकवचन, अर्थ ‘ज्यांपैकी’. ही व्युत्पत्ती जेऊरात कोणास ठाऊक असण्याचे कारण नाही. तरीही ‘कोरम भरला नाही’ हा प्रयोग अस्सल मराठी आहे, कारण बाजार भरतो, सभा भरते, तसाच कोरमही भरतो. परका शब्द मराठी क्रियापदाच्या संगतीने घरचा होतो तो असा. विशेष हे की ‘पूर्ती’ आणि ‘भरणे’ ह्यांत कल्पना एकच आहे. कोशकाराने नामात जे कोंडले ते बोलणाराने क्रियापदात मोकळे ठेवले.

शब्दांपेक्षाही वाक्यरचनेचा दोष मला अधिक गंभीर वाटतो. ‘कळविण्यात येते’, ‘करण्यात आलेली’, ‘घेण्यात येणार’ अशी तीन क्रियापदे ह्या वाक्यात आहेत, आणि कर्ता एकाचाही नाही. सभा कोणी तहकूब केली? कोण घेणार? ‘-ण्यात येणे’ ही रचना कर्त्यास अनुक्त ठेवण्यासाठीच जणू घडली आहे. मराठीत कर्मणी प्रयोग जुना आहे, पण ‘रामाने रावण मारला’ येथे राम स्पष्ट उभा असतो. कार्यालयीन रचनेत राम वगळलेला असतो आणि मारण्यात आलेला रावण तेवढा शिल्लक राहतो. इंग्रजी कारभारातील अकर्तृक वाक्यांचे अनुकरण हे त्याचे एक कारण आहे. दुसरे कारण, सही करणारास ही रचना सोयीची पडते.

राज्यकारभाराच्या मराठीचा प्रश्न नवा नाही. शिवकाली रघुनाथपंडिताच्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांस संस्कृत पर्याय दिले. तरी ‘अर्ज’, ‘दाखला’, ‘हरकत’, ‘महसूल’ हे गावकऱ्याच्या तोंडून हलले नाहीत. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६२ मध्ये पदनाम कोश निघाला. त्याची ‘बदनाम कोश’ अशी थट्टा झाली. पण त्याच्या प्रकारच्या कितीतरी संज्ञा आज आपण न अडखळता वापरतो, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तेव्हा संस्कृत घडणीचा शब्द म्हणून तो वाईट, असे माझे म्हणणे नाही. वाचणाराने ज्यावर काही कृती करावयाची आहे, तो शब्द त्याच्या परिचयाचा हवा, एवढेच म्हणणे आहे.

महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरणे (राजभाषा) अधिनियम, २०२२ ह्याने स्थानिक संस्थांचा कारभार मराठीत असावा असे बंधन घातले. कोणती मराठी, हे कायदा सांगत नाही, आणि सांगू शकणारही नाही. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दू असण्यास ह्या अधिनियमाची आडकाठी नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०२५ रोजी दिला. भाषा ही मुळात संवादाचे साधन आहे, हा त्यातील विचार मराठीच्या अंतर्गत भेदांसही लागू पडावा.

नुकतेच घडलेले एक उदाहरण येथे जोडतो. २०२४ मध्ये ‘तलाठी’ हे पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे झाले. ‘ग्रामसेवक’ व ‘ग्रामविकास अधिकारी’ ही पदे एकत्र होऊन ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झाले. पदाची प्रतिष्ठा वाढली असेल. पण सातबारा कोणाकडे आणि जन्माचा दाखला कोणाकडे, हे ज्या दोन शब्दांनी पूर्वी चटकन कळे, त्यांत ध्वनिसाम्य जवळजवळ नव्हते. आता दोन्ही नावांचा आरंभ एक, शेवटही एक. भेद काय तो मधल्या अवयवात.

आरंभीच्या वाक्याकडे परत येऊ. ते असेही लिहिता आले असते: ‘मागील ग्रामसभेस पुरेसे मतदार आले नाहीत (कोरम भरला नाही), म्हणून सरपंचांनी ती तहकूब केली. तीच सभा आता पुढील तारखेस भरेल. ह्या वेळी कितीही थोडे लोक आले तरी सभा निर्णय घेईल.’ ‘तहकूब’ मी मुद्दाम ठेवला आहे.