‘इलेक्ट्रो’ म्हणजे शॉक नव्हे

इसीजी काढताना छातीला, हातापायांना वायरी जोडल्या की कितीतरी माणसं अंग आकसून घेतात. नावातच ‘इलेक्ट्रो’ आहे, म्हणजे आता करंट सोडणार, ही धास्ती. प्रत्यक्षात इलेक्ट्रोकार्डिओग्राम काढताना शरीरात वीज सोडतच नाहीत. हृदयाचा प्रत्येक ठोका आपल्याच शरीरात तयार होणाऱ्या विद्युत लहरीने पडतो. त्वचेवर ती जेमतेम एक मिलिव्होल्ट मिळते, टॉर्चच्या सेलच्या दीड हजाराव्या हिश्शाएवढी. यंत्र ती फक्त टिपून घेतं. नेदरलँड्समधल्या लायडनला विलेम आइंटहोव्हेन यांनी हे तंत्र विकसित केलं, तेव्हा रुग्ण दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसत असे. या कामाला १९२४ चं नोबेल मिळालं.

‘इलेक्ट्रो’ हा उपसर्ग विजेशी संबंध आहे, एवढंच सांगतो. वीज दिली जाते की मोजली जाते, हे पुढच्या शब्दावर ठरतं. ‘ग्राम’ म्हणजे नोंद. तीव्र नैराश्यावरच्या इलेक्ट्रोकन्व्हल्सिव्ह थेरपीत मात्र वीज खरोखर देतात, पण भूल देऊन आणि मोजून. सिनेमात दाखवतात तशी शिक्षा म्हणून नव्हे.

हा उपसर्ग इलेक्ट्रॉनवरून आला, असंही अनेकांना वाटतं. क्रम नेमका उलटा आहे. ग्रीक भाषेत ‘एलेक्ट्रॉन’ म्हणजे अंबर, घासल्यावर काडीकचरा ओढून घेणारा पिवळा खडा. संस्कृतातही त्याला तृणमणी म्हणतात. त्यावरून विल्यम गिल्बर्टने १६०० मध्ये ‘इलेक्ट्रिकस’ हे लॅटिन विशेषण वापरलं. भौतिकशास्त्रज्ञ स्टोनीने ‘इलेक्ट्रॉन’ हे नाव सुचवलं १८९१ मध्ये आणि भौतिकशास्त्रज्ञ थॉमसनने तो कण शोधला १८९७ मध्ये.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज इलेक्ट्रोलाइटचा. जुलाब झाले की ओआरएसची, म्हणजे इलेक्ट्रोलाइटची, पावडर ‘ताकदीची’ म्हणून चमचा-चमचा पेल्यात टाकतात. फॅरडेने १८३४ मध्ये रूढ केलेल्या या शब्दाचा अर्थ, विजेने ज्याचं विघटन होतं ते. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे विद्युतभारित आयन सुटे होतात. जुलाबात पाण्यासोबत सोडियम, पोटॅशियमचे असेच आयन निघून जातात. ओआरएसमधलं ग्लुकोज आतड्याला सोडियम शोषायला मदत करतं आणि त्यामागोमाग पाणी शरीरात जातं. हे सगळं प्रमाणावर चालतं. म्हणून पाकीट फोडलं की पूर्ण रिकामं करावं, तेही पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात. मोठ्या पाकिटाला ते माप एक लिटर असतं.