मोडलेला प्रत्येक तुकडा म्हणजे बेणं

परवा महाराज बाड्यावर नातीला आइस्क्रीम घेऊन दिलं. ती खात असताना डब्यामागची बारीक अक्षरं वाचली. घटकांच्या यादीत ४०७ असा आकडा होता. ४०७ म्हणजे कॅरेजीनन, समुद्री शेवाळातून काढलेला, पदार्थ घट्ट ठेवणारा डिंकासारखा घटक. आमच्या ग्वाल्हेरपासून समुद्र शेकडो मैल लांब, तरी आइस्क्रीममधून, टूथपेस्टमधून तो असा घरात येतो. मग तिकडे काय चाललंय, याची चौकशी आपणही करायला हवी.

ज्या शेवाळांपासून हे कॅरेजीनन काढतात, त्यांतलं मुख्य कापाफायकस. ते मूळचं फिलिपिन्सकडचं. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने १९९५ च्या सुमारास तामिळनाडूत मंडपमला त्याची लागवड करून पाहिली. पुढे रामनाथपुरम जिल्ह्यात ती फोफावली. बांबूचा तराफा करायचा, दोऱ्यांत शेवाळाचे तुकडे अडकवायचे आणि दीडेक महिन्यात कापणी करायची. मच्छीमार बायकांच्या हातात यातून रोख पैसा आला. त्यांच्या पोटावर पाय आणून समुद्र वाचवावा, असं मला मुळीच वाटत नाही.

पण हे शेवाळ हातात घेतलं तर गुळगुळीत, मांसल लागतं आणि कट्कन मोडतं. अडचण इथेच आहे. उसाच्या कांडीला रुजायला निदान डोळा लागतो, याला तोही लागत नाही. वादळात तराफा फुटला किंवा दोरी तुटली, की सुटलेला तुकडा प्रवाहाबरोबर जातो आणि जिथे अडकेल तिथे वाढतो.

मन्नारच्या आखातातल्या कुरुसडै बेटाजवळ तो प्रवाळांवर अडकला. मदुराईच्या संशोधकांनी २००८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये ही नोंद केली. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि उन्हावर अन्न तयार करून त्याला पोसतं. वर जाड शेवाळाची गोधडी पडली की ऊन तुटतं आणि खालचा प्रवाळ मरतो. वन विभागाने माणसं लावून हातांनी ते उपटलं. पण फटीत बोटभर तुकडा राहिला, तरी तो पुन्हा वाढतो.

हवाईच्या कानेओहे खाडीने हे आधीच भोगलं होतं. तिथे १९७४ मध्ये प्रयोगासाठी आणलेलं हेच शेवाळ पसरलं. मग पाण्याखालचं शेवाळ ओढून घेणारा मोठा पंप आणावा लागला आणि शेवाळ खाणारे काटेरी समुद्री अर्चिन वाढवून खाडीत सोडावे लागले.

कॅलिफोर्नियाची गोष्ट मात्र वेगळी. मत्स्यालयांतल्या शोभेच्या कौलर्पा शेवाळाने भूमध्य समुद्रात १९८४ पासून हजारो हेक्टर तळ व्यापला होता. तेच २००० मध्ये सॅन दिएगोजवळच्या एका खाजणात पाणबुड्यांना दिसलं. लगेच त्यावर ताडपत्र्या टाकून खाली क्लोरीन सोडला. २००६ मध्ये ते संपल्याचं जाहीर झालं, खर्च सत्तर लाख डॉलरच्या वर गेला. ते आटोक्यात आलं, कारण ते थोडं असतानाच कुणीतरी पाहिलं आणि कुणी थांबलं नाही.

आता कोकणातही समुद्री शेवाळाच्या शेतीचे प्रयत्न चालू आहेत. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत. तिथे तराफे नकोत. इतरत्र लावायचं तर देशी जाती आधी पाहाव्यात, तराफ्याखाली जाळं असावं, पावसाळ्याआधी शेवाळ पूर्ण काढून घ्यावं, किनाऱ्यावर आलेले तुकडे परत पाण्यात न टाकता वाळवावेत. परदेशी शेवाळ आणण्यासाठी विलगीकरण आणि धोक्याची तपासणी केंद्राने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत घातली आहे. ती कागदावर राहू नये. आणि घरातल्या मत्स्यालयाचं पाणी, त्यातली वनस्पती, नाल्यात किंवा तळ्यात ओतू नका. ती उन्हात वाळवून मगच कचऱ्यात टाका.